उपाशी राहिलं की मेंदू ‘क्लीन’ होतो? ॲपमधल्या हिरव्या पट्टीमागचं विज्ञान

माझा मावसभाऊ लातूरला नीटची तयारी करतोय. गेल्या महिन्यात मावशीचा फोन आला, “अरे, हा मेसमधलं सकाळचं काहीच खात नाही म्हणे. तू बोल जरा त्याच्याशी.” मी व्हिडिओ कॉल केला, तर पठ्ठ्याने मलाच एक स्क्रीनशॉट पाठवला. उपवास मोजणारं ॲप. मधे एक गोल, त्याभोवती सरकणारी पट्टी, आणि सोळा तास झाल्यावर ती पट्टी हिरवी होऊन आलेलं वाक्य: ‘तुमची ऑटोफॅजी सुरू झाली आहे.’ खाली मेंदूचं छोटंसं चित्र आणि त्यावर झाडू. “दादा, यावर नोबेल मिळालंय. मेंदूतला कचरा साफ होतो, मेमरी वाढते. रील बघ, मी पाठवतो.”

रील्स मी बघितल्या. तुमच्याही फीडमध्ये आल्या असतील. नोबेल मिळालंय हे खरं आहे. पेशी स्वतःची साफसफाई करतात हेही खरं. पण त्या ॲपला माझ्या भावाच्या मेंदूत काय चाललंय हे कळलं कसं? मी रोज कोड लिहितो, त्यामुळे अशी पट्टी कशी बनते ते मला नीट माहीत आहे. टायमर लावायचा, सोळा तास झाले की रंग बदलायचा. एक ‘इफ’ आणि एक रंगाचा कोड, संपलं. त्यात कुठलाही सेन्सर नाही आणि कसलंही मोजमाप नाही.

अकरावीला बायोलॉजी सोडून बायफोकलला कॉम्प्युटर सायन्स घेतलेला मी, पण त्याच्याशी वाद घालायचा तर वाचणं भाग होतं. दोन-तीन आठवडे रात्री पेपर वाचले. त्यातून जे दिसलं ते रीलपेक्षा बरंच वेगळं आहे, आणि खरं सांगायचं तर रीलपेक्षा जास्त भारी आहे.

नोबेल नक्की कशासाठी?

ऑटोफॅजी म्हणजे शब्दशः ‘स्वतःला खाणं’. हा शब्द १९६३ मध्ये बेल्जियन शास्त्रज्ञ ख्रिस्तियान द दूव यांनी दिला. लायसोसोम, म्हणजे पेशीतली पचवणारी पिशवी, हाही त्यांचाच शोध. ऑटोफॅजीत होतं असं: पेशीत एक पातळ पडदा तयार होतो. जुनी प्रथिनं, बिघडलेले भाग, असा नको असलेला माल तो गुंडाळून घेतो. पिशवी बंद होते, लायसोसोमला जाऊन मिळते, आतला माल विरघळतो आणि सुटे भाग पुन्हा वापरात येतात. थोडक्यात, कचरागाडीपेक्षा हे काम भंगारवाल्याच्या जवळचं आहे.

योशिनोरी ओसुमी यांनी १९८८ मध्ये टोकियो विद्यापीठात स्वतःची लॅब सुरू केली आणि यीस्टवर काम धरलं. यीस्ट म्हणजे पाव फुगवणारी एकपेशीय बुरशी. पचवणारी एन्झाइम्स नसलेलं यीस्ट त्यांनी उपाशी ठेवलं. काही तासांत पेशीतली मोठी पिशवी न पचलेल्या छोट्या गोळ्यांनी गच्च भरली. ऑटोफॅजी डोळ्यांना दिसली. मग ती ज्यांच्याशिवाय होतच नाही अशी १५ जनुकं त्यांच्या टीमने शोधून १९९३ मध्ये जाहीर केली, आणि २०१६ चं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं. म्हणजे नोबेल मिळालं ते या यंत्रणेचे पार्ट शोधल्याबद्दल. ‘सोळा तास उपाशी राहा’ असं त्यात कुठेही नाही.

उपाशी यीस्टमध्ये ऑटोफॅजी वाढते, यात काहीच शंका नाही. पण यीस्ट एकटं असतं. तुमच्या मेंदूच्या मागे अख्खं शरीर उभं आहे. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण ऊर्जा तो खातो सुमारे २० टक्के. जेवण बंद झालं की लिव्हर आधी साठवलेली साखर सोडतं, नंतर चरबीपासून कीटोन बनवून पाठवतं. म्हणजे बाकीच्या घराने पोट आवळायचं आणि मेंदूचं ताट भरलेलं ठेवायचं, अशी व्यवस्था शरीराने करून ठेवली आहे. यीस्टवरून थेट मेंदूवर उडी मारता येत नाही ती यामुळे.

न्यूरॉनला ही यंत्रणा का लागते

त्वचेच्या किंवा आतड्याच्या पेशी सतत विभागत असतात. एकीच्या दोन झाल्या की साचलेला माल आपोआप अर्धा-अर्धा होतो. न्यूरॉनला ती सोय नाही. तुमच्या डोक्यातले बहुतेक न्यूरॉन जन्माच्या आसपास तयार झाले आणि तेच शेवटपर्यंत चालवायचे आहेत. त्यात त्यांचा आकार विचित्र. पाठीच्या कण्यातून पायाच्या बोटांकडे जाणारा न्यूरॉनचा धागा, म्हणजे ॲक्सॉन, जवळपास एक मीटर लांब असू शकतो. पिशव्या तयार होतात बऱ्याचदा त्या धाग्याच्या पार टोकाला, आणि माल पचवायची मुख्य सोय पेशीच्या शरीराजवळ. त्यामुळे त्या पिशव्या धाग्यातल्या रुळांवरून, डायनीन नावाच्या प्रथिनाच्या इंजिनाने ओढत परत आणल्या जातात. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी जिवंत न्यूरॉनमध्ये हा प्रवास टप्प्याटप्प्याने टिपला.

ही यंत्रणा बंद पडली तर? २००६ मध्ये जपानच्या दोन टीमनी याचं उत्तर ‘नेचर’च्या एकाच अंकात दिलं. एकीने एटीजी५ हे जनुक बंद केलं, दुसरीने एटीजी७, आणि तेही उंदरांच्या फक्त मज्जासंस्थेत. आजार लावणारं कुठलंही वेगळं जनुक घातलं नव्हतं. तरीही न्यूरॉनमध्ये प्रथिनांच्या गुठळ्या साचल्या, उंदरांचा तोल आणि हालचाल बिघडली, न्यूरॉन मरायला लागले.

इथपर्यंत रीलवाल्यांचं बरोबर आहे असंच वाटतं. सफाई बंद म्हणजे मेंदू खराब, मग जास्त सफाई म्हणजे मेंदू चांगला. मीही आधी असाच विचार केला. गडबड पुढे आहे.

मेंदू घडताना: कमीही करते, वाढवतेही

लहानपणी मेंदू गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोडण्या करून ठेवतो. न्यूरॉन जिथे एकमेकांना भेटतात त्या सांध्याला सायनॅप्स म्हणतात. वय वाढतं तशा वापरात नसलेल्या जोडण्या छाटल्या जातात. ही छाटणी वयात येतानाही जोरात चालू असते, म्हणजे माझ्या भावाच्या वयाच्या आसपास.

२०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या ग्वोमेई टांग आणि डेव्हिड सल्झर यांच्या टीमने एक अभ्यास ‘न्यूरॉन’ या जर्नलमध्ये छापला. इतर कारणांनी मरण पावलेल्या, ऑटिझम असलेल्या २६ मुला-तरुणांच्या मेंदूचे नमुने त्यांनी घेतले आणि ऑटिझम नसलेल्या २२ जणांच्या नमुन्यांशी ताडून पाहिले. न्यूरॉनच्या फांद्यांवर बारीक काटे असतात, बहुतेक सायनॅप्स त्यांवर बसतात. ते काटे मोजले. ऑटिझम नसलेल्या मेंदूंत लहानपणापासून किशोरवयाच्या शेवटापर्यंत काट्यांची दाटी साधारण निम्म्याने उतरली होती. ऑटिझम असलेल्यांत फक्त १६ टक्क्यांनी. त्या पेशींत ऑटोफॅजी मंदावल्याच्या खुणाही होत्या, आणि तिला लगाम घालणारा एमटॉर नावाचा रेणू जास्त सक्रिय होता.

मग उंदीर. एमटॉर जास्त सक्रिय असलेल्या उंदरांना रॅपामायसिन दिलं, तेव्हा छाटणी सुधारली आणि वागणंही. पण ज्या उंदरांच्या न्यूरॉनमधलं एटीजी७ काढून टाकलं होतं, त्यांच्यात त्याच औषधाने काही झालं नाही. आमच्या भाषेत याला बग वेगळा काढणं म्हणतात: एक मॉड्यूल बंद करायचं आणि दुरुस्ती तरीही चालते का ते बघायचं. चालली नाही, म्हणजे दुरुस्ती ऑटोफॅजीतूनच जात होती.

२०१७ मध्ये आणखी एक पदर कळला. मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूत गस्त घालणाऱ्या पेशी, त्यांच्यातलं एटीजी७ काढलं तरी उंदरांत छाटणी अर्धवट राहते. म्हणजे न्यूरॉनमधली ऑटोफॅजी वेगळी, शेजारच्या पेशीतली वेगळी, आणि लागतात दोन्ही.

आता गंमत बघा. हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, ऑटोफॅजी जोडण्या कमी करते. पण २००९ मध्ये फळमाशीच्या अळीत बरोब्बर उलटं दिसलं होतं. तिथे नस आणि स्नायू भेटतात त्या जागी ऑटोफॅजी वाढवली की जोडण्या वाढतात, बंद केली की कमी होतात. कारण तिथे ती हायवायर नावाचं प्रथिन उचलून नेते, आणि हायवायर हा वाढीवरचा ब्रेक आहे. ब्रेक भंगारात गेला की गाडी पुढे. २०२० मध्ये बर्लिनच्या टीमने माशीच्या डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या न्यूरॉनमध्ये तिसरीच गोष्ट पाहिली. वाढत्या टोकांना बोटांसारखे धागे फुटतात, ते इकडेतिकडे चाचपून जोडीदार शोधतात. ऑटोफॅजी नसली तर ही बोटं गरजेपेक्षा जास्त वेळ टिकतात आणि एरवी ज्यांच्याशी जोडणी झाली नसती अशा चुकीच्या न्यूरॉनशीही जोडून बसतात.

तीन प्रयोग, तीन वेगळे परिणाम. यंत्रणा एकच, पण कुठल्या पेशीत, कुठल्या टोकाला, कुठल्या वयात आणि काय उचललं यावर निकाल ठरतो. झाडूच्या चित्रात हे बसत नाही. हे वायरमनचं काम आहे, कुठली वायर ठेवायची आणि कुठली तोडायची.

माणसांतला पुरावा मला सगळ्यात जास्त थांबवून गेला. २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या टीमने पाच कुटुंबांतल्या १२ जणांबद्दल लिहिलं. त्यांच्यात एटीजी७ जनुक बिघडलेलं होतं, ऑटोफॅजी अगदी कमी किंवा जवळजवळ नाहीच. ज्या उंदरांत हे जनुक शरीरभर बंद असतं ते जन्मानंतर एका दिवसाच्या आसपास मरतात. ही माणसं मात्र जगली, मोठी झाली. पण बोलणं-शिकणं उशिरा, चालताना तोल जाणं. एमआरआयमध्ये लहान मेंदूची वाढ कमी आणि मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा जाड पट्टा बारीक. म्हणजे फटका नुसत्या साफसफाईला बसला नव्हता, बांधकामालाच बसला होता.

आठवणींच्या बाबतीत तर रील उलटी पडते

शिकताना सायनॅप्स मजबूत होतात किंवा सैल होतात. यालाच मेंदूची लवचिकता म्हणतात. मावसभावाचा दावा इथला होता: उपास, मग ऑटोफॅजी, मग मेमरी.

२०१९ चा पॅरिसच्या टीमचा अभ्यास त्याच्या बाजूने आहे असं म्हणता येईल. उंदीर नवीन काही शिकले की हिपोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी घडवणाऱ्या भागात, ऑटोफॅजी वाढते. ती अडवली तर आठवण नीट बसत नाही. म्हाताऱ्या उंदरांत ती मंदावते, आणि तिथे वाढवली की स्मरण सुधारतं. पण नीट वाचा: इथे ऑटोफॅजी वाढवणारी गोष्ट उपास नाही. शिकणं आहे.

आणि उपासावरचा थेट अभ्यास? तो २०१७ चा, ग्रीसमधल्या क्रीट बेटावरच्या टीमचा. मेंदूत बीडीएनएफ नावाचं एक प्रथिन असतं, लवचिकतेला खतपाणी घालणारं. (रील्समध्ये हेही नाव येतं, अगदी ऑटोफॅजीच्या शेजारी, दोघं सख्खे भाऊ असल्यासारखं.) या टीमने दाखवलं की बीडीएनएफ ऑटोफॅजी दाबतं. सायनॅप्सचा सांगाडा धरून ठेवणारी काही प्रथिनं ऑटोफॅजी एरवी उचलून नेते. जोडणी पक्की करायची असेल तर ती तिथेच राहायला हवीत. आणि खाणं कमी मिळालेल्या उंदरांचं स्मरण जे सुधारलं, त्यासाठी ऑटोफॅजी दाबली जाणं गरजेचं होतं.

हे मी दोनदा वाचलं. उपासाने स्मरण सुधारतं असं दाखवणाऱ्या प्रयोगातच ऑटोफॅजी कमी व्हावी लागत होती! रीलमधले तिन्ही शब्द खरे, फक्त मधला बाण उलटा.

दोन अभ्यास एकमेकांना खोडतात का? मला तसं वाटत नाही. एक प्रयोग जागा मोकळी करायला यंत्रणा लागते म्हणतो, दुसरा म्हणतो जोडणी पक्की होत असताना ती बाजूला हवी. सायनॅप्स सैल करताना ऑटोफॅजी कामाला येते, हेही २०१२ पासून न्यूरॉनच्या प्रयोगांतून दिसलेलं आहे. डेटाबेसवर काम केलेल्यांना हे लगेच कळेल: क्लीनअप जॉब हवाच, पण व्यवहार चालू असताना त्याच टेबलवर तो चालवलात तर वाट लागते.

मग सोळा तास आले कुठून?

उपाशी उंदराच्या मेंदूत ऑटोफॅजी वाढते का, यावरच उंदरांत दोन उत्तरं आहेत. २००४ मध्ये नोबोरू मिझुशिमा यांच्या टीमने पिशव्या हिरव्या चमकतील असे उंदीर तयार केले आणि त्यांना ४८ तासांपर्यंत उपाशी ठेवलं. लिव्हर, स्नायू, हृदय, सगळीकडे हिरवे ठिपके वाढले. मेंदूत वाढले नाहीत. २०१० मध्ये अमेरिकेतल्या दुसऱ्या टीमने वेगळ्या पद्धतीने पाहिलं, तर २४ आणि ४८ तासांनंतर काही न्यूरॉनमध्ये वाढ दिसली. रील्सना आधार मिळतो तो या दुसऱ्या पेपरचा. पहिल्याचं नाव मला एकाही रीलमध्ये दिसलं नाही.

शिवाय उंदराचे २४ तास म्हणजे आपले २४ तास नव्हेत. त्या एवढ्याशा शरीराची भट्टी जोरात पेटलेली असते. एका दिवसाच्या उपासात त्याचं दहा टक्क्यांहून जास्त वजन उतरू शकतं. आपण एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याची आमटी हाणतो, ते तर सोडाच.

आणि माणसाच्या जिवंत मेंदूत ऑटोफॅजी किती चालू आहे हे मोजणारी कुठलीही प्रचलित तपासणी नाही. रक्तातल्या पेशींत मोजायच्या पद्धती आता येतायत, पण रक्तातली पेशी म्हणजे न्यूरॉन नाही. ज्या गोष्टीचं मीटरच नाही, तिची हिरवी पट्टी दाखवणं याला मी प्रॉडक्ट डिझाइन म्हणेन, विज्ञान नाही.

गोळ्यांचंही बघून टाकू. स्पर्मिडीन हा पदार्थ ऑटोफॅजी वाढवतो असं प्राण्यांत दिसल्यावर त्याच्या कॅप्सूल बाजारात आल्या. बर्लिनमध्ये ६० ते ९० वयाच्या १०० जणांवर १२ महिन्यांची चाचणी झाली, निकाल २०२२ मध्ये आला: स्मरणात साध्या डमी गोळीपेक्षा फरक नाही. रॅपामायसिनच्या कुळातलं एव्हरोलिमस हे औषध ट्यूबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजारात फिट्स कमी करतं, ते सिद्ध झालंय. पण त्याच आजाराच्या ६ ते २१ वयाच्या ४७ जणांना सहा महिने देऊन पाहिलं, तेव्हा बुद्धीच्या चाचण्यांत आणि ऑटिझमच्या लक्षणांत ठोस सुधारणा दिसली नाही. हा निकाल २०१७ चा. उंदरात सुटलेलं कोडं मुलात तसंच सुटत नाही. कदाचित छाटणीची वेळ निघून गेलेली असते, कदाचित एमटॉर इतर शंभर कामंही करतो म्हणून.

हे शेवटचं मी मुद्दाम लिहितोय. मुलाला ऑटिझम आहे म्हणून धडपडणाऱ्या आई-बापांपर्यंत ‘ऑटोफॅजी डाएट’ पोहोचायला लागलंय, आणि आधाराला २०१४ च्या त्याच अभ्यासाचं नाव दिलं जातं. त्या अभ्यासात आहाराचा एक शब्द नाही. वाढत्या मुलाचं जेवण तोडून त्याचे सायनॅप्स छाटले जातात, असं दाखवणारा एकही प्रयोग मला मिळाला नाही. वजन किंवा शुगरसाठी वेळ ठरवून खाणं हा वेगळा विषय आहे, तो तुमच्या डॉक्टरांशी बोला.

तुम्ही कधीतरी फोनमध्ये रॅम बूस्टर टाकला असेल. मीही टाकलाय, कॉलेजात, स्वस्तातल्या फोनवर. बटण दाबलं की रॉकेट उडायचं आणि ‘८०० एमबी मोकळी झाली’ असं यायचं. खरं तर अँड्रॉइड स्वतःच ठरवत असतं काय ठेवायचं, काय काढायचं. बूस्टरने मारलेली ॲप्स पुन्हा लोड करण्यात उलट बॅटरी जायची. रॉकेट मात्र झकास उडायचं.

हे सगळं भावाला एका कॉलवर सांगणं शक्य नव्हतं. मी फक्त क्रीटवाला प्रयोग सांगितला आणि ॲपच्या सेटिंगमध्ये अगदी तळाला जायला लावलं. तिथे राखाडी, बारीक अक्षरांत एक ओळ होती: दाखवलेले टप्पे सर्वसाधारण अंदाज आहेत. तो म्हणाला, “म्हणजे हे सगळ्यांनाच सोळाव्या तासाला हिरवं होतं?” मी म्हटलं, “फोन टेबलावर ठेवून तू बिर्याणी खाल्लीस तरी होईल.”

दुसऱ्या दिवशी मावशीचा मेसेज आला. मेसमध्ये पोहे होते, खाल्ले म्हणे.